सावकाश हलवलेलं बिऱ्हाड

घर बदलायचं ठरलं की घरातलं बोलणं लवकरच खोक्यांवर येऊन थांबतं. किती लागतील, कुठून आणायची, काचेच्या वस्तूंना बबल रॅप किती घ्यायचा. पर्यावरणाची काळजी असलेली माणसंही इथूनच सुरुवात करतात. प्लॅस्टिकऐवजी कागद, नव्या खोक्यांऐवजी वापरलेली खोकी. हे बरोबरच आहे, आणि त्याबद्दल मी पुढे लिहिणारही आहे. पण स्वतःची बरीच घरं बदलून आणि जवळच्यांच्या शिफ्टिंगला हातभार लावून माझं एक मत पक्कं होत गेलं आहे. घर हलवताना जे नुकसान होतं त्यात बांधाबांधीच्या सामानाचा वाटा लहान असतो. मोठा वाटा घाईचा असतो. घाईत आपण चांगल्या वस्तू फेकतो, घाईत नव्या विकत आणतो, घाईत एखाद्याला “काढा आणि चला” म्हणून सांगतो आणि त्याने नेमकं काय काढून हवेत सोडलं ते बघायला थांबत नाही.

सगळ्यात मोठा निर्णय तर पहिलं खोकं घरात येण्याच्या कितीतरी आधी होऊन गेलेला असतो. घर कुठे घ्यायचं, हा. आपण नव्या घराचं अंतर पैशांत मोजतो, मिनिटांत मोजतो; धुरात मोजायचं मनात येत नाही. समजा नवं घर कामाच्या जागेपासून जुन्यापेक्षा १० किलोमीटर लांब आहे. जाऊन-येऊन २०. वर्षाचे २५० कामाचे दिवस धरले तर ५,००० किलोमीटर. लिटरला १५ किलोमीटर जाणारी गाडी तेवढ्यासाठी सुमारे ३३३ लिटर पेट्रोल जाळेल, आणि एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. म्हणजे वर्षाला साडेसातशे किलोंच्या वर. आता सामानाचा ट्रक बघा. लिटरला ५ किलोमीटर चालणारा ट्रक २०० किलोमीटर गेला तर ४० लिटर डिझेल लागेल. डिझेलचं प्रमाण लिटरला २.७ किलोच्या आसपास, म्हणजे शंभराच्या थोडं वर. तेही एकदाच. रोजचं अंतर मात्र त्या घरात राहू तितकी वर्षं सोबत येतं. म्हणून घर बघायला जाताना मी एकदा तरी बसने किंवा पायी जाते. जिथून रोजची कामं चालत होतात, ते घर एखाद्या खोलीने लहान असलं तरी मला चालतं.

सगळ्यांनाच अशी निवड करता येते असं नाही, हे मला माहीत आहे. भाडं, शाळा, म्हातारी माणसं, नोकरी कुठे मिळाली, यातलं बरंच आपल्या हातात नसतं. पण जिथे दोन घरांमध्ये मन अडलं असेल, तिथे हा हिशेब कागदावर मांडून बघावा.

घर ठरलं की खरं काम सुरू होतं. ते खोकी भरण्याचं नव्हे, कपाटं उघडण्याचं. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात, पण माणसाचं बिऱ्हाड पाठीवर मावत नाही. ते माळ्यावर असतं, पलंगाखाली असतं, दाराआड असतं. एका घरात काही वर्षं राहिलं की वस्तू आपोआप साठतात आणि त्यातल्या कितीतरी आपल्याला दिसेनाशा होतात. त्या पुन्हा दिसतात त्या निघायच्या आदल्या आठवड्यात, आणि तेव्हा त्यांच्याकडे नीट बघायला सवड नसते. मग काय होतं, ते कोणत्याही इमारतीच्या खाली जाऊन बघावं. रात्रीतून गाद्या, खुर्च्या, चपला, वह्या, चालू पंखा, सगळं एका ढिगात. एकेकट्या बघितल्या तर त्यातल्या निम्म्या वस्तू कुणाच्या तरी घरात पुढची दहा वर्षं नांदल्या असत्या. ढिगात गेल्या की त्यांचा कचरा होतो. गादीखाली दबलेली वही भिजते, भुश्याच्या पाट्यांचं कपाट एका पावसात फुगतं, फुटलेल्या काचेमुळे कपड्यांच्या पिशवीला कुणी हात लावत नाही.

म्हणून मी आवराआवर शक्य तितकी लवकर सुरू करते, आणि रोज थोडी करते. एका वेळी एकच कप्पा. त्यात एक पथ्य पाळते. टाकायची वस्तू बाजूला काढली की ती कुणाकडे जाणार हे ठरल्याशिवाय पुढचा कप्पा उघडायचा नाही. याने काम मंदावतं आणि ते मंदावणंच मला हवं असतं. कारण देणं हे कष्टाचं काम आहे. वस्तू धुवायची, पुसायची, तिचे सुटे भाग शोधायचे, चालू आहे का ते बघायचं, नसेल तर काय बिघडलं आहे ते घेणाऱ्याला आधी सांगायचं. दुसऱ्याच्या दारात आपली अडगळ नेऊन टाकणं आणि देणं यांत फरक आहे. मोडकं खेळणं, डाग पडलेली चादर, चार्जर नसलेलं यंत्र दान म्हणून पोहोचवलं की ते टाकून देण्याचं काम फक्त दुसऱ्याच्या माथी जातं.

कपड्यांच्या बाबतीत मला हे जास्त जाणवतं. एका सुती शर्टामागे, कापसाच्या शेतापासून कापड तयार होईपर्यंत, सुमारे २,७०० लिटर पाणी लागतं असा सर्वसाधारण अंदाज दिला जातो. तो शर्ट विरला असेल तर बांधाबांधीत कपबशांभोवती गुंडाळावा, नंतर फरशी पुसायला घ्यावा. धड असेल तर धुऊन, घडी घालून, कुणाला बसेल ते बघून द्यावा. लाकडाचंही तसंच. कोरड्या लाकडाच्या वजनातला जवळपास अर्धा भाग कार्बन असतो. ३० किलोंचं भरीव लाकडी टेबल म्हणजे झाडाने हवेतून घेतलेला सुमारे ५५ किलो कार्बन डायऑक्साइड आपल्या खोलीत टेबलाच्या रूपाने उभा असतो. टेबल वापरात आहे तोवर तो तिथेच राहतो. जाळलं की परत हवेत जातो, कुजलं तरी बराचसा जातोच. जुनं टेबल जड आहे म्हणून सोडून जायचा विचार येतो, तेव्हा मला हे आठवतं.

भुश्याच्या दाबलेल्या पाट्यांचं फर्निचर मात्र हलवताना दगा देतं. लाकडाचा भुसा-चुरा राळेत दाबून केलेल्या त्या पाट्यांत स्क्रू पहिल्यांदा घट्ट बसतो. काढून पुन्हा त्याच भोकात घातला की पकड सैल होते. असं कपाट शक्य असेल तर न सोडता अख्खंच न्यावं, नाहीतर सोडण्याआधी प्रत्येक जोडाचा फोटो काढावा आणि स्क्रू एका कापडी पुरचुंडीत घालून त्याच कपाटाच्या पाटीला बांधावेत. हरवलेल्या चार स्क्रूंपायी अख्खं कपाट भंगारात गेलेलं मी पाहिलं आहे.

काही वस्तू ढिगात जाताच कामा नयेत. सीएफएल दिव्यांत आणि ट्यूबलाइटमध्ये थोडा का होईना पारा असतो. जुन्या मोबाइलच्या लिथियम बॅटऱ्या दाबल्या किंवा चेपल्या गेल्या तर पेट घेऊ शकतात, आणि कचऱ्याच्या गाडीत सगळं दाबलंच जातं. मुदत संपलेली औषधं संडासात ओतली की ती पाण्यातून पुढे जातात. उरलेला रंग, टर्पेंटाइन, कीटकनाशकाची अर्धी बाटली ही त्याच जातीची मंडळी. यांच्यासाठी आवराआवरीच्या पहिल्या दिवसापासून एक वेगळं खोकं ठेवावं आणि ते जिथे नीट घेतलं जातं तिथे निघण्याआधी स्वतः पोहोचवावं. ई-कचरा गोळा करणारे ठरावीक दिवशीच येतात, औषधं परत घेण्याची सोय सगळीकडे नसते. चौकशीला वेळ लागतो. शेवटच्या दिवशी ही चौकशी होत नाही.

आता खोक्यांकडे येते.

पन्हळी पुठ्ठ्याची सुरुवात खोक्यांसाठी झाली नव्हती. १८५६ मध्ये इंग्लंडमध्ये त्याचं पेटंट घेतलं गेलं ते उंच टोप्यांच्या आतल्या अस्तरासाठी. १८७१ मध्ये अमेरिकेत अल्बर्ट जोन्स यांनी बाटल्या आणि दिव्यांच्या काचा गुंडाळायला तो वापरला. बबल रॅपची गोष्ट त्याहून अनपेक्षित आहे. १९५७ मध्ये आल्फ्रेड फील्डिंग आणि मार्क शावान हे दोघे भिंतीवर लावायचा उठावदार प्लॅस्टिकचा कागद करायच्या प्रयत्नात होते. भिंतीसाठी तो चालला नाही, आणि पुढे नाजूक यंत्रं गुंडाळायला त्याचा उपयोग सुरू झाला. या दोन्ही वस्तू टिकाऊ आहेत, हे मला त्यांच्याबद्दल सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. चांगलं खोकं चार-पाच बिऱ्हाडं हलवू शकतं. बबल रॅप फुगे न फोडता गुंडाळी करून ठेवला तर वर्षानुवर्षं चालतो. आपण त्यांना एका दिवसाचं आयुष्य देतो, चूक तिथे आहे.

पुठ्ठ्याचा पुनर्वापर होतो म्हणून नवी खोकी बिनधास्त घ्यावीत, असं बरेचजण मानतात. कागदाचे तंतू प्रत्येक वेळी लगद्यातून जाताना आखूड होत जातात. साधारण पाच ते सात फेऱ्यांनंतर ते कागद धरून ठेवू शकत नाहीत. शिवाय दर फेरीला पाणी आणि वीज लागते. तेच खोकं तसंच पुन्हा वापरणं यापेक्षा कधीही चांगलं. थर्माकोलची अडचण निराळी आहे. त्याच्या आकारमानात ९५ टक्क्यांहून जास्त हवाच असते, त्यामुळे तो गोळा करून कुठे न्यायचा म्हणजे गाडीभर हवा वाहून नेण्यासारखं होतं आणि कुणी नेत नाही. तुमच्या घरातल्या यंत्रांबरोबर आलेले थर्माकोलचे साचे ठेवले असतील तर तेच वापरा, नवे तुकडे विकत आणू नका.

खरं म्हणजे गुंडाळायचं बरंचसं सामान घरातच असतं आणि ते आपल्याला तसंही न्यायचंच असतं. टॉवेल, चादरी, दुलया, मोजे, लोकरीचे कपडे, पडदे. ताटल्या आडव्या रचण्यापेक्षा उभ्या ठेवून मध्ये कापड घातलं तर धक्का सोसतात. भांड्यात भांडं, आणि सगळ्यात आतल्या भांड्यात मोज्यात घातलेला पेला. पुस्तकं लहान खोक्यांत किंवा चाकांच्या बॅगांत घालावीत. मोठं खोकं पुस्तकांनी भरलं की हमखास तळातून फाटतं. एक खोकं १५ किलोंच्या वर जाऊ नये. यात खोक्याचा विचार आहेच, पण ते उचलून जिने चढणाऱ्या माणसाच्या पाठीचा त्याहून जास्त आहे. पर्यावरणाची काळजी करताना समोरच्या माणसाचा मणका विसरायचा, हे मला पटत नाही. खोकी प्लॅस्टिकच्या चिकटपट्टीने चहूबाजूंनी लपेटण्याची गरज नसते. तळाला आडवी-उभी पट्टी आणि वर सुतळी पुरते. सुतळी सोडता येते, पुन्हा बांधता येते, आणि खोकं उघडताना त्याची कड फाटत नाही. बांधाबांध करणारी माणसं बोलावली असतील तर हे त्यांना आधी सांगावं लागतं, कारण त्यांचा दिवस ठरलेल्या वेळात संपवायचा असतो आणि प्लॅस्टिकचा रोल फिरवणं सगळ्यात झटपट होतं. त्यात त्यांचा दोष नाही. आपण त्यांना दिवस थोडा मोठा दिला, निम्मं सामान आधीच भरून ठेवलं, तर तीच माणसं कापडात सुंदर बांधून देतात.

आता ज्या गोष्टीबद्दल मला सगळ्यात कळकळीने सांगायचं आहे ती. एसी.

घर हलवण्याच्या चर्चेत एसीचा विषय निघतो तो फक्त काढायला-बसवायला किती घेणार एवढ्यापुरता. पण त्या यंत्रात जो वायू असतो, तो बहुतेक वेळा घरातल्या इतर कुठल्याही सामानापेक्षा हवामानाला जास्त घातक असतो. जुन्या एसींमध्ये आर-२२ हा वायू असे. तो ओझोनचा थर विरळ करतो. १९८७ च्या माँट्रियल करारानंतर अशा वायूंचा वापर टप्प्याटप्प्याने बंद होत गेला. त्याच्या जागी आलेला आर-४१०ए ओझोनला धक्का लावत नाही, पण शंभर वर्षांच्या हिशेबात त्याची तापवण्याची ताकद कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २,०८८ पट आहे. नव्या यंत्रांतल्या आर-३२ ची सुमारे ६७५ पट. २०१६ मध्ये रवांडातल्या किगाली इथे जगातल्या देशांनी हे वायूही कमी करत न्यायचं ठरवलं, ते याचसाठी.

आता घरातल्या एका एसीत ८०० ग्रॅम आर-४१०ए आहे असं धरा. काढणाऱ्याने नळी सैल केली, काही क्षण फुस्स आवाज झाला आणि वायू निघून गेला. त्या काही क्षणांत सुमारे १,६७० किलो कार्बन डायऑक्साइडइतकं नुकसान झालं. म्हणजे सहाशे लिटरांहून जास्त डिझेल जाळल्यासारखं. वर ज्या ट्रकचा हिशेब केला, तो २०० किलोमीटरचा प्रवास पंधरा वेळा करेल इतकं. आर-३२ असेल तर हेच दोनशे लिटर डिझेलच्या आसपास. कागदी चिकटपट्टी वापरून वाचवलेलं सगळं त्या एका आवाजात जातं, आणि कुणाला दिसतही नाही.

याला सोपा उपाय आहे आणि तो प्रत्येक जाणत्या कारागिराला येतो. त्याला पंप डाउन म्हणतात. एसी थंड करण्याच्या स्थितीत चालू ठेवायचा, बाहेरच्या युनिटवरच्या बारीक नळीचा व्हॉल्व्ह आधी बंद करायचा. कॉम्प्रेसर वायू ओढून बाहेरच्या युनिटमध्ये साठवत जातो. दाब उतरला की जाड नळीचा व्हॉल्व्ह बंद करायचा आणि लगेच यंत्र बंद. सगळं मिळून काही मिनिटांचं काम. वायू युनिटमध्येच राहतो आणि नव्या घरी जाऊन पुन्हा कामाला लागतो. पण त्यासाठी वीज चालू असावी लागते, एसी चालू स्थितीत असावा लागतो, आणि काढणाऱ्याला घाई नसावी लागते. शेवटच्या दिवशी मीटर बंद करून झाल्यावर, खाली ट्रक उभा असताना कारागीर बोलावला की तो म्हणतो, “तिकडे गेल्यावर गॅस भरावाच लागतो, इथला जाऊ दे.” म्हणून मी एसी सामान हलायच्या आदल्या दिवशीच काढून घेते, आधी फोनवरच पंप डाउन करणार ना हे विचारते, आणि काम होईपर्यंत शेजारी उभी राहते. विचारलेलं कारागिराला आवडतं असा माझा अनुभव आहे. ज्याला काम येतं तो आनंदाने दाखवतो. यंत्र बंद पडलेलं असेल तर पंप डाउन होत नाही. मग वायू सिलिंडरमध्ये खेचून घेणारं यंत्र ज्याच्याकडे आहे त्यालाच बोलवावं लागतं. थोडं शोधावं लागतं, पण शोधावं.

फ्रिजचं त्यामानाने सोपं. आदल्या दिवशी बंद करून बर्फ वितळू द्यायचा, उभाच न्यायचा, आणि नव्या घरी पोहोचल्यावर काही तास तसाच ठेवून मग सुरू करायचा, म्हणजे हलताना इकडे तिकडे गेलेलं तेल कॉम्प्रेसरमध्ये परत उतरतं. त्या काही तासांत एक फ्रिज वाचतो.

ट्रकबद्दल थोडंच. सामान जितकं कमी तितकी गाडी लहान, आणि लहान गाडीच्या दोन फेऱ्यांपेक्षा पुरेशा गाडीची एकच फेरी बरी. लांबच्या प्रवासात परतीच्या रिकाम्या ट्रकमध्ये जागा मिळते. तारखेत दोन-चार दिवस मागेपुढे व्हायची तयारी असेल तर ती जरूर बघावी. तो ट्रक तसाही येणारच असतो. कुंड्या शेवटी चढवाव्यात, आणि पानांच्या मागची बाजू, कुंडीचा तळ आधी तपासून घ्यावा, नाहीतर कीडही आपल्याबरोबर नव्या परसात उतरते.

नव्या घरी पोहोचलं की खोकी लवकर रिकामी करून, पट्ट्या काढून, सपाट करून कोरड्या जागी ठेवावीत. ओली झाली की त्यांचा उपयोग संपला. हलणारं पुढचं कुटुंब शोधायला फार दूर जावं लागत नाही.

त्यानंतरचे दिवस मला सगळ्यात जोखमीचे वाटतात. नव्या खोलीत जुना सोफा मळका दिसतो, भिंतींच्या रंगाशी पडदे जुळत नाहीत, एक कोपरा रिकामा दिसतो आणि तो भरावासा वाटतो. थकलेलं मन आणि नवी जागा, यांत खरेदी भराभर होते. पण याच दिवसांची दुसरी बाजूही आहे. मानसशास्त्रज्ञ बास फेरप्लांकेन आणि त्यांच्या सहकारी संशोधकाने इंग्लंडमधल्या पीटरबरो शहरात ८०० जणांबरोबर केलेला एक प्रयोग २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातले निम्मे नुकतेच घर बदललेले होते. पाणी, वीज, प्रवास, कचरा यांच्या सवयी बदलण्यासाठी घर बदललेल्या आणि न बदललेल्या दोन्ही गटांतल्या काहींना सारखीच मदत दिली, बाकीच्यांना तुलनेसाठी दिली नाही. मदत मिळालेल्यांपैकी नुकतं घर बदललेल्यांमध्ये बदल जास्त दिसला, आणि ही अनुकूल वेळ साधारण तीन महिने टिकते असं आढळलं. कारण समजण्यासारखं आहे. जुन्या घरात हात आपोआप ठरलेल्या जागी जातो. नव्या घरात दिव्याचं बटण कुठे आहे इथपासून सगळं ठरवायचं असतं, आणि जे ठरवायचं आहे ते निराळंही ठरवता येतं.

म्हणून ओल्या कचऱ्याची बादली कुठे राहील हे मी पहिल्याच दिवशी ठरवते, कपाटं लावायच्याही आधी. कपडे वाळत घालायची दोरी आधी बांधते. जवळच्या बसथांब्यापर्यंत पहिल्याच आठवड्यात चालत जाऊन येते, नाहीतर पाय गाडीकडे वळतात आणि तसेच वळत राहतात. आणि विकत काय घ्यावंसं वाटतंय ते एका कागदावर लिहून तो कपाटाच्या दाराला आतून चिकटवते. तीन महिने घ्यायचं काहीच नाही, लिहायचं फक्त. या काळात पडदे आखूड असतील तर खाली दुसऱ्या कापडाची पट्टी जोडून होते, सोफा उन्हात टाकून धुऊन होतो, रिकाम्या कोपऱ्यात सकाळी ऊन येतं हे कळतं आणि तिथे कपाट नकोसं होतं. यादीतल्या बऱ्याच ओळींवर काट बसते. उरलेल्या दोन-चार वस्तूंसाठी आधी आसपास विचारते, घर बदलतंय का कुणी म्हणून.